झोकांडी खाणारा प्रत्येक माणूस प्यालेला नसतो

संध्याकाळची वेळ. बिगारी कामावरून परतलेला पन्नाशीचा माणूस गल्लीच्या तोंडाशी भेलकांडतो, भिंत धरून ओकतो. काही सांगू बघतो, पण जीभ वळत नाही. ओट्यावरून आवाज येतो, "आज जास्त झालेली दिसते." लोक हसतात. घरचे लाजून त्याला आत नेऊन झोपवतात, सकाळी उतरेल म्हणून. सकाळी तो उठत नाही. हे आम्ही पाहिलं आहे. त्या ओट्यावर आम्हीही बसलो होतो, म्हणून हे लिहितो आहोत.

मानेच्या मणक्यांमधून दोन रक्तवाहिन्या वर जातात आणि पुढे एक होतात. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त त्याच पुरवतात. शरीराचा तोल सांभाळणारा लहान मेंदू तिथेच असतो. बोलणं, गिळणं, श्वास आणि नजर यांची सूत्रंही त्याच भागात आहेत. दारू चढते तेव्हा तीही लहान मेंदूवरच परिणाम करते. म्हणून तिथला रक्तपुरवठा तुटलेला माणूस हुबेहूब प्यालेल्यासारखा दिसतो. आणि प्यालेल्या माणसालाही असा झटका येऊ शकतो. तोंडाला वास आला म्हणून प्रश्न मिटत नाही.

अर्धांगवायू म्हटलं की आपल्याला वाकडं तोंड आणि लुळा हात आठवतो. या झटक्यात तोंड सरळ आणि हातात जोर असू शकतो. रक्ताची गुठळी अडकून येणाऱ्या झटक्यांपैकी साधारण पाचातला एक या मागच्या भागात येतो.

प्रत्येक चक्कर म्हणजे झटका नव्हे. कानाच्या दोषाने किंवा रक्त कमी असल्यानेही चक्कर येते. पण चक्कर अचानक आली आणि सोबत पुढचं एकही लक्षण असेल, तर थांबू नका: एकाच्या दोन वस्तू दिसणं, नजर अर्धी जाणं, बोलणं जड होणं, पाणी गिळताना ठसका लागणं, आधाराशिवाय उभं राहता न येणं, मानेत किंवा डोक्याच्या मागे एकाएकी जोराची कळ येणं. दहा मिनिटांत सगळं थांबलं तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

पुरुषाला आपण दारुडा ठरवतो, तर बाईची चक्कर पित्तावर, अशक्तपणावर नाहीतर बाहेरच्या बाधेवर ढकलतो. लिंबू उतरवण्यात तास जातो, आणि इथे तासालाच किंमत आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. काही रुग्णांची गुठळी मोठ्या रुग्णालयात त्यानंतरही काढता येते, पण उशीर होईल तसा मेंदू मरत जातो.

म्हणून 108 ला फोन करा. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. पाणी, चहा, घरातली गोळी काहीही देऊ नका. रुग्णालयात कुणी "प्यालाय" म्हणून बाजूला बसवलं, तर ठामपणे विचारा, "डॉक्टर, हा झटका तर नाही ना?" सुरुवातीच्या तासांत सीटी स्कॅन नॉर्मल दिसू शकतो, एमआरआय लागेल का, तेही विचारा. हे विचारणं उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासत राहा. गोळ्या चालू असतील तर बरं वाटतं म्हणून बंद करू नका. बिडी, तंबाखू, मिश्री सोडा. केस कापताना कडकन मान मोडून घेऊ नका. त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते.

उद्या गल्लीत कुणी भेलकांडताना दिसला, तर हसण्याआधी उठा आणि जवळ जा. त्याला नाव विचारा, बोलतं करा, उभं करून पाहा. तेवढ्याने एखाद्या घरातला कर्ता माणूस वाचेल.