फाइल वाचता येत नाही, हा लिपीचा दोष नव्हे

१/ बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आजही जपलेली आहे. जाड सुती कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले. चार शतके उलटली, तरी त्यातील अक्षरे लावता येतात. उलट १९९८ साली याच जिल्ह्यात संगणकावर जुळवलेल्या एखाद्या स्मरणिकेची फाइल आज उघडली, तर पडद्यावर बहुधा रोमन अक्षरांचा निरर्थक गोळा दिसेल.

२/ याचे ठरलेले उत्तर असे: मराठीची लिपी जोडाक्षरांची, गुंतागुंतीची, यंत्र इंग्रजीसाठी घडलेले, तेव्हा आरंभीची काही वर्षे अशीच वाया जायची होती. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात कोणाकडेच जबाबदारी राहत नाही. मात्र ते खरे नाही.

३/ संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. इंग्रजीसाठीच्या आस्की संकेतात सात बिट, म्हणजे १२८ जागा. बाइटमध्ये बिट आठ असतात. आठवा वापरला की आणखी १२८ जागा मिळतात. 'इस्की' या भारतीय मानकाने (आयएस १३१९४ : १९९१) या वरच्या जागांत भारतीय लिपी बसवल्या. 'क' चा आकडा १७९. 'क्ष' साठी वेगळी जागाच लागत नाही: क, हलन्त, ष. जोडाक्षराचे रूप घडवणे हे पडद्याचे आणि छपाईचे काम. साठवणुकीपुरती देवनागरी अर्ध्या घरात मावते.

४/ मग अडले कोठे? टेक्स्ट एडिटरमध्ये. वर्डस्टार आपल्या दस्तऐवजांत शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर खूण म्हणून हाच आठवा बिट चढवीत असे. युनिक्सवरील व्हीआयच्या आरंभीच्या आवृत्त्याही तो स्वतःच्या अंतर्गत खुणेसाठी खर्च करीत. मराठीला जी खोली मिळायची, तिच्यात एडिटरने आधीच आपले सामान भरून ठेवले होते.

५/ अशी अडचण दूर करण्याची वाट त्या काळीही माहीत होती. डेव्ह कॉनरॉय यांनी १९८५ मध्ये लिहिलेला आणि पुढे डॅनियल लॉरेन्स यांनी वाढवलेला मायक्रोईमॅक्स पाहावा. त्याच्या सोर्स कोडमध्ये एका फाइलीत यंत्रांची आणि पडद्यांची यादी असे: अमिगा, अटारी एसटी, एचपी १५०, डेटा जनरल १०. ज्याच्याकडे जे यंत्र, त्याने त्या नावापुढील शून्याचा एक करायचा आणि कोड नव्याने कंपाइल करायचा.

६/ यंत्र यादीत नसेल तर? कर्सर हलवणे, ओळ पुसणे, पडदा पुसणे, घंटा वाजवणे अशा मोजक्या क्रिया त्या यंत्रासाठी एका छोट्या फाइलीत लिहायच्या. बाकीच्या एडिटरला हात लावावा लागत नसे. म्हणून यंत्रे अडगळीत गेली, एडिटर राहिला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वापरातील मायक्रोईमॅक्सच्या प्रतीत युनिकोडची सोय २०१२ मध्ये केली. सोर्स हाती असला की सत्तावीस वर्षांचे जुनेपणही आड येत नाही.

७/ वर्डस्टार विकत घेणाऱ्याला सोर्स मिळत नसे. त्यामुळे भारतात उत्तर शोधले गेले ते यंत्राच्या अंगाने. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) जिस्ट कार्डाच्या रूपाने पुढे गेले. कार्ड पीसीत बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. आज ते कार्ड अडगळीची वस्तू झाले आहे; परंतु त्यावर लिहिलेला मजकूर इस्कीत होता आणि इस्कीचा नकाशा छापील मानक म्हणून प्रसिद्ध होता. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तर १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे. म्हणून तो मजकूर एका कोष्टकाच्या आधारे आजही उतरवता येतो.

८/ खरी पडझड नंतरची. विंडोज आणि डीटीपीच्या काळात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अवयव रंगवलेले फाँट आले. कृतिदेव फाँटात 'भारत' हा शब्द फाइलीत एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांनी साठवला जातो: अर्धा भ, काना, काना, र, त. फाँट काढून घेतला की मराठी नाहीशी होते. त्यातही प्रत्येक विक्रेत्याचा नकाशा निराळा. एका फाँटातील मजकूर दुसऱ्यात टाकला की त्याचा चिखल होई.

९/ यावर बचाव असा केला जातो की, या फाँटांनीच जुळाऱ्यांच्या खिळ्यांतून मराठी छपाईला बाहेर काढले. ते मान्य. २५६ जागांत छपाईची सुबक अक्षरे बसवायची, तर अवयवांचे तुकडे करणे भागच होते. परंतु प्रत्येकाने वेगळे तुकडे करावेत आणि त्यांचे कोष्टक गुलदस्त्यात ठेवावे, ही तंत्राची गरज नव्हती. तो व्यापाराचा हिशेब होता: एकदा आलेला ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ नये.

१०/ "छापील प्रत आहे ना?" हा दुसरा बचाव. जे छापले गेले, ते वाचले. जे छापलेच नाही, ते पत्रव्यवहार, इतिवृत्ते, कात्री लागण्यापूर्वीचे मसुदे फक्त फाइलीत आहेत. आणि इतिहासाचा अभ्यासक छापील मजकुराआधी तेच शोधतो.

११/ मोडीचे उदाहरण समोर आहे. वाचणारे सरले आणि रुमालच्या रुमाल मुके झाले. तरी कागद समोर ठेवून मोडी शिकता येते. २०१४ पासून तिला युनिकोडमध्येही जागा आहे. फाँटाचा नकाशा मात्र केवळ नजरेने हेरता येत नाही. फाँट गेला, तर एकेक अक्षर अंदाजाने सोडवत बसावे लागते.

१२/ तेव्हा जुनी फ्लॉपी किंवा सीडी हाती आली की आधी फाँट वाचवावा. फाइलीबरोबर त्याचे नाव, आवृत्ती आणि ज्या आज्ञावलीत मजकूर जुळवला तिचे नाव नोंदवावे. मूळ फाइलीला हात न लावता रूपांतर प्रतीवर करावे. ऱ्हस्व इकार आणि रफार विशेष तपासावेत: कृतिदेवसारख्या फाँटांत इकार व्यंजनाआधी आणि रफार नंतर साठवला जातो, युनिकोडमध्ये क्रम उलटा. रूपांतराचे नियमही खुले ठेवावेत. नाहीतर एक कुलूप काढून दुसरे लावल्यासारखे होईल.

१३/ आणि ज्यांनी ते फाँट विकले, त्यांनी आता बाजारातून गेलेल्या फाँटांचे नकाशे खुले करावेत. त्या मालातून मिळायचा तो नफा केव्हाच मिळाला. आता कुलपात उरला आहे तो लोकांनी लिहिलेला मजकूर, आणि त्याची मालकी कधीच विक्रेत्यांची नव्हती.