कुरळे केस हा आजार नाही

"डॉक्टर, हिला पित्त झालंय. लग्नाची धावपळ, जागरणं, बाहेरचं खाणं. काहीतरी लिहून द्या."

लग्नसराईच्या दिवसांत एक आई आपल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. उलट्या, मळमळ, पोटात आणि कमरेत दुखणं. ताप नाही, जुलाब नाहीत. मीही पित्ताची औषधं लिहून दिली आणि दोन दिवसांनी दाखवायला सांगितलं. दोन दिवसांनी ती आली तेव्हा चेहरा सुजलेला होता. लघवी कमी होतेय, असं तिने विचारल्यावर सांगितलं. रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन ३ च्या वर. तिच्या वयाच्या मुलीत ते साधारण १ च्या आत असायला हवं. म्हणजे मूत्रपिंडांचं काम अचानक मंदावलं होतं.

वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या का? नाही. कुणाकडून काढा, भस्म, पावडर? नाही. मग सहज म्हणून मी विचारलं, "लग्नासाठी काही ट्रीटमेंट वगैरे केलीत का?" तेव्हा उत्तर मिळालं. उलट्या सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिने पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते. तेव्हा डोक्याची त्वचा चुरचुरली होती. "थोडं सहन कर, मग बघ कसे रेशमासारखे होतात," असं तिला सांगितलं गेलं.

तिला मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवलं. डायलिसिसची वेळ आली नाही. काही आठवड्यांत क्रिएटिनिन पूर्ववत झालं. (ओळख पटू नये म्हणून इतर तपशील बदलले आहेत.) तिच्या बाबतीत तेच कारण होतं, असं मी शंभर टक्के ठामपणे म्हणणार नाही. पण दुसरं कारण सापडलं नाही, आणि अशा घटना जगात इतरत्र नोंदल्या गेल्या आहेत. आणि पहिल्या दिवशी मी तो प्रश्न विचारला नव्हता, हेही मला मान्य केलं पाहिजे.

तिची आई जाताना म्हणाली, "लहानपणापासून हिच्या केसांचा हा त्रासच आहे." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. केसांचा त्रास? केस निरोगी होते, फक्त कुरळे होते.

केस कुरळे का होतात?

केसाचं मूळ त्वचेच्या आत ज्या पिशवीत असतं, ती पिशवी सरळ असेल तर केस सरळ येतो आणि वाकडी असेल तर वळत वळत येतो. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर साधारण गोल दिसतो, कुरळा केस लंबगोल किंवा चपटा. ही ठेवण आईवडिलांकडून येते. कोणतंही तेल, शाम्पू किंवा गोळी ती पिशवी सरळ करू शकत नाही.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्यात दोन प्रकारचे बंध असतात. एक पक्के, गंधकाचे. कुरळेपणा मुख्यतः त्यांनी टिकतो. दुसरे कच्चे, जे पाण्याने सुटतात आणि वाळल्यावर पुन्हा जुळतात. हवेत दमटपणा असला की केस हवेतलं पाणी ओढून घेतो, फुगतो, कच्चे बंध जागा बदलतात आणि केस पिंजारतात. रत्नागिरीला पावसाळ्यात गेल्यावर केस का फुलतात, याचं उत्तर हेच. केसाचा हा गुण इतका भरवशाचा आहे की १७८३ मध्ये सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने माणसाचा केस वापरून हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र केलं होतं.

आणखी एक गोष्ट. डोक्याच्या त्वचेतून येणारा नैसर्गिक तेलकटपणा सरळ केसावरून सहज खाली उतरतो. कुरळ्या केसाच्या वळणांवरून तो टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला राठ, अशी कुरळ्या केसांची अवस्था असते. असे केस कोरडे असतात, वळणांवर नाजूक असतात आणि लवकर तुटतात. त्यांना धाक नको, ओलावा हवा.

"केराटिन" म्हणजे नेमकं काय लावतात?

नाव ऐकून वाटतं, केसांना प्रथिनं देतात. प्रथिनांचे बारीक तुकडे केसावर थर देऊ शकतात, पण त्याने कुरळा केस महिनोन्महिने सरळ राहत नाही. ते काम करतात रसायनं आणि २०० अंश किंवा त्याहून जास्त तापलेली इस्त्री.

पूर्वी यात फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सोडणारे पदार्थ सर्रास असत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. धूर फक्त ग्राहकाच्या नाकात जात नाही. दिवसभर तिथे उभ्या असणाऱ्या पार्लरमधल्या मुलींच्याही नाकात जातो, आणि त्यांचा विचार कुणीच करत नाही.

मग बाटल्यांवर "फॉर्मल्डिहाइड-फ्री" लिहून येऊ लागलं. अशा अनेक क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एका २६ वर्षांच्या स्त्रीची हकिगत आली. २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षी केस सरळ करून घेतल्यानंतर तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. संशोधकांनी ते क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावून पाहिलं. उंदरांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. ग्लायऑक्सिलिक आम्ल त्वचेतून शरीरात शिरतं, त्याचं ऑक्झलेट बनतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

अमेरिकेतला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ३३,४९७ स्त्रियांचा जवळजवळ ११ वर्षं पाठपुरावा केला होता. केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका, न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसला. याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि मुळात हा कर्करोग फार जास्त आढळणारा नाही. त्यामुळे एकदा केलं म्हणून घाबरून जाऊ नका. पण दर काही महिन्यांनी हौसेने करण्याइतकी ही गोष्ट निरुपद्रवी नाही, हे नक्की.

माझं मत स्पष्ट आहे. आजार नसलेल्या गोष्टीसाठी थोडाही धोका का पत्करायचा? औषध देताना आम्ही डॉक्टर फायदा आणि धोका तोलतो. इथे फायदा एवढाच की चार महिने कुणी "झिंज्या आवर" म्हणणार नाही.

मग करायचं काय?

खर्चिक काही नाही. यातलं बरंचसं आपल्या घरात आधीपासून आहे.

१. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा केस धुवा. घाम, कोंडा असेल तर जास्त वेळा चालेल. पाणी कोमट घ्या, कढत नको. शाम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला लावा. खाली ओघळणाऱ्या फेसाने केस पुरेसे स्वच्छ होतात.

२. कंडिशनर केसांच्या लांबीला लावा, मुळांना नाही. कुरळ्या केसांना शाम्पूपेक्षा याची गरज जास्त.

३. कोरडे केस विंचरू नका. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतला गुंता जाड दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी, टोकाकडून सुरुवात करून वर वर जात सोडवा. शाळेच्या घाईत कोरड्या केसांत बारीक फणी घालून रडवलेल्या किती मुली मी पाहिल्या आहेत!

४. जाड टॉवेलने खसाखसा पुसू नका. आजीचा पंचा काढा किंवा जुना सुती टी-शर्ट घ्या आणि केस टिपून घ्या. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घालू नका.

५. केस ओलसर असतानाच तळहातावर दोन-चार थेंब खोबरेल तेल चोळून टोकांना लावा. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं २००३ मधल्या एका अभ्यासात दिसलं. तो अभ्यास खोबरेल तेल विकणाऱ्या मुंबईच्या कंपनीतल्या संशोधकांचा होता, हेही सांगायला हवं. पण माझा अनुभव त्याच्या बाजूचा आहे. कोंडा असेल तर मात्र मुळांना तेल थापू नका. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलावरच पोसली जाते.

६. बाजारातल्या जेलऐवजी जवस वापरून पाहा. दोन चमचे जवस दीड कप पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं झालं की गरम असतानाच पातळ कापडातून गाळा, थंड झाल्यावर ते निघत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावून बटा मुठीत हलकेच दाबा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. आधी कानामागे थोडं लावून खाज येत नाही ना, ते बघा.

७. बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार केसांवर बसतात. शेवटचे एक-दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या.

८. रात्री सैल वेणी घाला. जुन्या रेशमी साडीचा उशीला अभ्रा शिवला तर केस घासले जात नाहीत.

लिंबाचा रस आणि खायचा सोडा डोक्याला चोळू नका. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. सतत घट्ट पोनी किंवा वेणी घातली तर कपाळावरचे केस ओढले जाऊन कायमचे विरळ होऊ शकतात.

दुसरं टोक

कुरळे केस दिवसेंदिवस विंचरले, धुतले नाहीत तर गुंता घट्ट होत होत त्याची जट बनते. आपल्याकडे आजही काही घरांत जट म्हणजे देवीचा कौल समजतात. ती कापली तर कोप होईल, या भीतीने बायका मानदुखी, उवा, जखमा सोसतात. काही मुलींना तर यापायी देवीला सोडलं गेलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक बायकांचं मन वळवून जटा कापल्या आहेत. जट म्हणजे केसांचा गुंता, बाकी काही नाही. केसाला वेदना नसते, तो कापल्याने शरीराचं काही बिघडत नाही.

डॉक्टरांकडे कधी यायचं?

जन्मापासून कुरळे केस असतील तर तपासणीची गरज नाही. पण पूर्वी मऊ असलेले केस काही महिन्यांत राठ, निस्तेज झाले, गळू लागले, तर जरूर या. सोबत वजन वाढणं, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, पाळीच्या तक्रारी असतील तर थायरॉइड तपासावं लागतं. दम लागणं, थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे, ते मोजत बसू नका. बायोटिनच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग झाल्याचा चांगला पुरावा नाही, शिवाय त्यांच्यामुळे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा निकाल चुकू शकतो. घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

आणि केसांवर रासायनिक ट्रीटमेंट केल्यानंतर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत उलट्या, पोट किंवा कंबर दुखणं, सूज, लघवी कमी होणं यातलं काही झालं, तर ते पित्त समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि ट्रीटमेंटबद्दल स्वतःहून सांगा. आम्ही विचारायला विसरू शकतो. मी विसरलो होतो. आता विसरत नाही.

त्या मुलीचं लग्न थोडं पुढे ढकललं गेलं. मागच्या महिन्यात ती तपासणीला आली होती. सरळ केलेल्या केसांच्या मुळाशी दोन-तीन बोटं नवे कुरळे केस आले होते. "आता हे असेच वाढू देणार आहे," ती म्हणाली. आई काही बोलली नाही, पण तिने विचारलं, "ते जवसाचं कसं करायचं म्हणालात?"

मी कागदावर लिहून दिलं.