काळ्या वाळूत मेटल डिटेक्टर का गोंधळतो? अंगठी शोधायला मशीन मागवण्याआधी हे वाचा

रत्नागिरी शहराला दोन समुद्र आहेत, असं गमतीनं म्हटलं जातं. एक पांढरा समुद्र आणि दुसरा मांडवीचा काळा समुद्र. पाणी तेच, फरक वाळूचा. पण लाटांमध्ये खेळताना बोटातली अंगठी गळून पडली, तर ती परत मिळणार की नाही, हे बरंचसं या फरकावर ठरतं.

अंगठी हरवली की अनेक जण ऑनलाइन काही हजारांचा मेटल डिटेक्टर मागवतात. अंगणात खिळा पुरून चाचणी घेतली की मशीन मस्त वाजतं. काळ्या, ओल्या वाळूवर नेलं की ते सतत वाजत राहतं. मशीन बिघडलेलं नसतं, ते या जागेसाठी बनलेलंच नसतं.

नेमकं काय होतं?

डिटेक्टरची कॉइल जमिनीत चुंबकीय लहरी सोडते. खाली धातू असेल तर त्यात विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्याचा प्रतिसाद कॉइल टिपते. अडचण अशी, की खारं पाणीही वीजवाहक आहे, त्यामुळे ओली वाळू स्वतःच धातूसारखी 'बोलते'. कोकणातल्या काळ्या वाळूत तर मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटही असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक गुंडाळून वाळूत फिरवा, काळे कण चिकटतील.

मिठाचा प्रतिसाद वेगळा, मॅग्नेटाइटचा वेगळा. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन यातल्या एकाशी जुळवून घेऊ शकतं, दोन्हींशी एकदम नाही. त्यात प्रत्येक लाटेनंतर ओलावा बदलतो. मग लोक सेन्सिटिव्हिटी कमी करतात. आवाज थांबतो, पण खोलवरची अंगठीही दिसेनाशी होते.

गंमत म्हणजे, हरवलेलं सोनं बऱ्याचदा काळ्या वाळूच्या थरातच जाऊन बसतं. लाटा वजनानुसार निवड करतात. क्वार्ट्‌झची घनता 2.65, इल्मेनाइटची सुमारे 4.7, मॅग्नेटाइटची 5.2 आणि शुद्ध सोन्याची 19.3. हलकी वाळू वाहून जाते, जड ते मागे राहतं. म्हणजे शोधायची खरी जागा तीच, जिथे स्वस्त मशीन आंधळं होतं.

मग उपाय काय?

एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीन आणि 'पल्स इंडक्शन' मशीन. पल्स इंडक्शन झटका देऊन थांबतं आणि मग ऐकतं. मिठाचा प्रतिसाद तोवर विरून गेलेला असतो, धातूचा रेंगाळतो. किंमत मात्र बरीच जास्त, आणि लोखंड कोणतं, सोनं कोणतं हे त्याला नीट कळत नाही. बाटलीचं झाकण, गंजका खिळा, स्टीलचं रुपया-दोन रुपयांचं नाणं, सगळंच खणावं लागतं.

नाजूक साखळी किंवा बारीक मंगळसूत्र हरवलं असेल तर हे मशीनही दगा देऊ शकतं. बारीक कड्यांचा प्रतिसाद मिठासारखाच झटकन विरतो. दुकानदार हे सांगत नाहीत, सांगायला हवं.

म्हणूनच एका अंगठीसाठी प्रत्येकानं स्वस्त मशीन विकत घेणं हा पैशांचा अपव्यय आहे. त्यापेक्षा गर्दीच्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीनं किंवा नगरपरिषदेनं एक चांगलं मशीन घेऊन जीवरक्षकांकडे ठेवावं, नाममात्र भाडं घ्यावं. पार्किंगची पावती फाडता येते, तर हेही जमेल.

शोधताना जुनी नाणी सापडली तर खिशात घालू नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, 10 रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि अंगठी पडल्याचं लक्षात येताच तिथून हलू नका. किनाऱ्यावरच्या दोन पक्क्या खुणा, म्हणजे एखादं झाड, एखादा खांब, नजरेनं जुळवून फोटो काढा, वेळ टिपून ठेवा. ओहोटीला, साधारण सहा तासांच्या आत, तीच जागा कोरडी मिळू शकते.