पाडण्याआधी एकदा मोजा तरी!

आळे म्हटलं की लोकांना ज्ञानेश्वर माउलींच्या रेड्याची समाधी आठवते, नाहीतर आळेफाट्याचा कांदा बाजार. इथली जुनी शेतकरी घरं कुणालाच आठवत नाहीत. एकेक घर पडतंय आणि त्याचे खांब जुन्या लाकडाच्या भावाने विकले जातायत.

मित्रांनो, आपण सिव्हिलवाले आरसीसी फ्रेम घोकतो. भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलमवरून पायात. गावचा सुतार हेच गणित लाकडात सोडवायचा! कडीवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून दगडी तळखड्यावर. तळखड्यामुळे लाकूड जमिनीच्या ओलीपासून दूर राहतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर मोजायचं ते खणांत. जाड भिंत उन्हाची धग सावकाश आत येऊ देते. त्याच भिंतीत कोनाडे आणि धान्याचं बळद. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे परसदार. माणसं आणि धान्य, दोघांची सोय एकाच छपराखाली.

कुणी म्हणेल, "किल्लारी विसरलास का?" अजिबात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. पण त्याच ढिगाऱ्यांत कितीतरी लाकडी सांगाडे उभे राहिले होते. भिंतीची दोन्ही तोंडं बांधणारे आरपार दगड नव्हते, पट्टे नव्हते; घात तिथे झाला. अशा बांधकामावरचे उपाय त्याच वर्षीच्या आयएस १३८२८ मध्ये दिलेत. आपल्यापैकी किती जणांनी तो उघडून पाहिलाय?

सगळ्यांनी जुन्या घरात राहावं असं मी म्हणत नाही. आमच्याच घराच्या वाटण्या झाल्यात. चुलते म्हणतात, "पावसाळ्याच्या आत पाडून टाकू." त्यांचंही बरोबर आहे. अंधारं माजघर, गळणारी कौलं, दरवर्षीचं लिंपण-सारवण. सारवणारे हात कुणाचे, हे घरातल्या बायकांना विचारा!

पण पाडण्याआधी मोजायला काय जातं? फायनल इयरला तीच ती बहुमजली इमारत सीनियरच्या रिपोर्टवरून उतरवण्यापेक्षा चौघांनी टेप, ओळंबा आणि वही घेऊन एक घर मोजावं. प्लॅन, सेक्शन, लाकडाचा प्रत्येक सांधा कागदावर यावा. असा सांधा जुळवणारे सुतार थकलेत. घरासोबत तेही गेले तर विचारणार कुणाला?

आमचं घर पावसाळ्यापर्यंत उभं आहे. येताय का रविवारी?