अघोरघंटाचे वारसदार

रामटेकला येणाऱ्या साहित्यरसिकाला आम्ही प्रथम कालिदासाचे स्मारक दाखवितो आणि 'मेघदूता'तील रामगिरी तो हाच, हे वा. वि. मिराशींचे मत अभिमानाने सांगतो. त्या काव्याच्या मुळाशी एका यक्षाची कर्तव्यातील कसूर आणि वर्षभराची हद्दपारी आहे, हे मात्र आम्ही सहसा विसरतो. गडावरच्या धूम्रेश्वराला तर स्थानिक परंपरा थेट शंबूकवधाशी जोडते. म्हणजे आमच्या या पवित्र टेकडीच्या आठवणीतही एक शिक्षा आहे, एक हत्या आहे.

असे असताना खून आणि पिशाच एकत्र आणणाऱ्या मराठी कादंबरीचे नाव निघताच आमचे अध्यापक नाक का मुरडतात? नारायण धारपांच्या (१९२५–२००८) पुस्तकांच्या प्रती वाचनालयांत हाताळून झिजल्या. वर्गात त्यांचा उच्चारही होत नाही. रत्नाकर मतकरींची (१९३८–२०२०) नाटके आम्ही गांभीर्याने घेतो, गूढकथा तळटिपेत ढकलतो.

आता विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीकडे वळू. 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात स्मशान आहे, पिशाचे आहेत, त्यांना नरमांस विकायला निघालेला नायक आहे आणि चामुंडेपुढे मालतीचा बळी देऊ पाहणारा अघोरघंट आहे. त्याच्या वधाचा सूड घेणारी कपालकुंडलाही पुढे आहेच. हे सारे आम्ही भयानक आणि बीभत्स रसांचे उदाहरण म्हणून शिकवितो. संस्कृतात जो रस, तो मराठीत सवंगपणा, हा न्याय कोणता?

अशा कादंबऱ्या अंधश्रद्धा पोसतात, असा आक्षेप येईल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतरच ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे हा आक्षेप हलका मानता येणार नाही. परंतु भवभूतीची पिशाचे मालतीच्या जिवावर उठलेली नाहीत. शस्त्र माणसाच्या हातात आहे. आमची कसोटी इथेच मिळते. अतिमानुषाचा अंधार माणसाचा अपराध दाखवितो की झाकतो? धारपांच्या कथेची प्रेरणा असलेल्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटात राक्षस आहे, पण हाव माणसाची आहे. उलट, खुनाचे सारे ओझे भुतावर टाकून माणसाला मोकळे सोडणारी कादंबरी लबाड होय.

ही कसोटी धारपांनाही लावावी. बाहेरून आलेली अमानवी शक्ती दोष उचलते आणि समर्थांसारखा तारणहार तो निस्तरतो, तेव्हा माणसाच्या जबाबदारीचे काय होते, हे त्यांना विचारावे. स्टीफन किंगसारख्यांची कथाबीजे मराठी घरात आणताना त्यांनी काय कमावले, काय गमावले, हेही तपासावे. पण त्यासाठी आधी वाचावे लागेल. 'मालतीमाधवा'शेजारी धारपांची एक कादंबरी ठेवून पदव्युत्तर वर्गात चर्चा घडविण्यास कोणती अडचण आहे?

वाचून केलेला निवाडा, मग तो कितीही कठोर असो, आम्ही मान्य करू. न वाचता दिलेली शिक्षा मान्य करणार नाही. यक्षाच्या हद्दपारीला निदान एका वर्षाची मुदत होती.