अवतरणातला ‘आज’

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी नाशिकच्या जुन्या किराणा दुकानांत अनेकांनी पाहिली असेल. ती रंगवून कितीही वर्षे लोटली, तरी तिच्यातला ‘उद्या’ उजाडत नाही. कारण ‘आज’ कोणता, ते वाचणाऱ्याच्या दिवसावर ठरते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मात्र अवतरणचिन्हांतला ‘आज’ लिहिल्या दिवशीच गोठतो.

समजा, लासलगावच्या कांदा लिलावाच्या पावत्यांसाठी टेबल केले आणि तारखेच्या रकान्याला डिफॉल्ट म्हणून अवतरणात ‘टुडे’ दिले. पहिल्या दिवशी सगळे अचूक. दुसऱ्या दिवशीच्या पावत्यांवरही कालचीच तारीख पडते आणि एररही येत नाही. अवतरणातल्या मजकुराची तारीख करण्याचे काम डेटाबेस ती आज्ञा वाचतानाच उरकतो. टेबलच्या व्याख्येत ‘टुडे’ उरतच नाही. उरते ती टेबल तयार केल्याची तारीख. व्ह्यूमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या क्वेरीमध्येही, हेच घडते.

ही घाई सकारण आहे. ‘2024-01-26’ लाखो ओळींशी ताडायची, तर तिची तारीख एकदाच करून ठेवलेली बरी. अटींनुसार शाखा निवडणाऱ्या केसच्या एका शाखेत ‘कांदा’ या शब्दाचा पूर्णांक करायला सांगितला, तर ती शाखा कधीच चालणार नसली तरी चूक आधीच पकडली जाते. अडचण फक्त रोज बदलणाऱ्या शब्दांची आहे. त्यांच्यासाठी अवतरणे काढून करंट_डेट किंवा नाऊ() लिहावे. त्यांची किंमत आज्ञा चालताना ठरते. ‘नाऊ’ला आधी टेक्स्ट आणि मग डेट केले, तरी दुसरे रूपांतर चालतानाच होते. 2017 मध्ये आलेल्या आवृत्ती 10 च्या आधी करंट_डेट आतून याच दुहेरी रूपात साठवले जाई.

शिकवताना आपण कास्टने, म्हणजे प्रकाराच्या रूपांतराने, कशाचे काय होते ते सांगतो. केव्हा होते, ते सांगत नाही. प्रॅक्टिकलला टेबल आणि ओळी एकाच तासात होतात, म्हणून ‘टुडे’ची चूक तिथे दिसूच शकत नाही. ती दिसते बाजारात. आपले पैसे किती दिवस अडकले, हे शेतकरी पावतीवरच्या तारखेवरूनच मोजतो.

म्हणून नाशिकच्या कॉलेजांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: एक प्रॅक्टिकल दोन दिवसांचे ठेवा. टेबल आज करायला सांगा, पहिली ओळ उद्या भरायला.

(लेखक नाशिकमध्ये डेटाबेसचे काम करतात. हा स्तंभ दर आठवड्याला प्रसिद्ध होतो.)