ऑसम म्हणजे नक्की किती?

आयटीत काम करणाऱ्याला दिवसातून किती वेळा 'ऑसम' ऐकावं लागतं याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. बग बंद केला, ऑसम. मीटिंग अर्धा तास पुढे ढकलायला होकार दिला, ऑसम. रजा संपवून माणूस जागेवर येऊन बसला तरी ऑसम! मग उद्या कुणी खरंच थक्क करणारं काही केलं तर म्हणायचं काय? 'ऑसम, पण खरंच हं'?

मंडळी, या शब्दाच्या पोटात 'ऑ' बसलाय आणि तो मराठीत एका शब्दात सापडत नाही. 'दरारा' म्हटलं तर नुसता धाक उरतो, 'विस्मय' म्हटलं तर धाक गळून पडतो. नाट्यशास्त्राने तर दोघांना वेगळ्या खोल्याच दिल्यात: विस्मय अद्भुत रसाकडे, भय भयानकाकडे. 'ऑ'मध्ये दोघं एकत्र नांदतात. आमचं खारबाव दिवा-वसई मार्गावर आहे. दिव्याकडून येताना कोपर सोडलं की गाडी खाडीवरून जाते. ऐन पावसाळ्यात, भरतीला, खालचं गढूळ पाणी बघून पत्ते कुटणारेही क्षणभर हात थांबवतात. ते ऑसम. (याच 'ऑ'पासून निघालेला 'ऑफुल' आता दातदुखी आणि कँटीनच्या चहापुरता उरलाय. सख्ख्या भावंडांचं नशीब!)

टेरिफिकचा मूळ अर्थ तर सरळ 'घाबरवणारं'. हसू नका, आपणही 'भयंकर सुंदर' म्हणतोच. खतरनाक त्याच जातीचा. जबरदस्त फारसीतून आला, ज्याचा हात वर तो. म्हणजे या शब्दांत जोर आहे, दणका आहे. शेवटच्या चेंडूवरचा षटकार टेरिफिक. पैठणीच्या पदरावरच्या मोराला मात्र कृपा करून टेरिफिक म्हणू नका, तो एक्स्क्विझिट. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शोधून शोधून निवडलेलं. स्प्लेंडिडमध्ये चकाकी आहे, आपल्या 'दिव्य'मधल्या दिव् धातूसारखी. सुपर्ब लॅटिनमध्ये चक्क गर्विष्ठ होता.

माझा सगळ्यात लाडका मॅग्निफिसंट. त्यात 'मोठं' आणि 'करणं' असे दोन तुकडे आहेत आणि माझ्या मते दुसरा जास्त महत्त्वाचा. वेरूळचं कैलास लेणं बघा. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, एकाच डोंगरात वरून खाली कोरत आणलेलं. ते नुसतं मोठं नाही, कुणीतरी ते केलंय हे प्रत्येक खांबापाशी जाणवतं. उलट आमच्या भिवंडी तालुक्यातली गोदामं घ्या. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ठिपका दिसतो. प्रचंड आहेत, निर्विवाद. पण मॅग्निफिसंट? छे.

आता इंग्रजीलाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात आमच्याकडे या, प्रत्येक नाक्यावर बॅनर: भव्य क्रिकेट स्पर्धा, भव्य रक्तदान शिबिर, भव्य सत्कार. 'भव्य'चा आपणही ऑसम करून टाकलाय.

तर एवढं रवंथ कशासाठी? माझ्या ओळखीचा एक मुलगा, इकडच्याच एका गावातला, घरातला पहिला इंजिनिअर. गेल्या अप्रेझलला त्याने टीममधल्या मुलीबद्दल लिहिलं: 'गुड वर्क. रिलायबल.' ज्या घरात आजीच्या तोंडून 'बरं झालंय' निघणं म्हणजे पद्मश्री, तिथल्या पोराने 'गुड' लिहिलं म्हणजे हात जोडलेच की! पण बाकीच्या कागदांवर ऑसम आणि रॉकस्टारचा पाऊस. रेटिंग ठरवणाऱ्या साहेबांनी 'गुड'चा अर्थ लावला, काहीतरी खटकतंय. तिची बढती सहा महिने पुढे गेली. (तरी बरं, 'क्वाइट गुड' लिहिलं नव्हतं. अमेरिकन माणूस ते 'खूप चांगलं' असं वाचतो, ब्रिटिश बहुतेक वेळा 'ठीक आहे, चालेल' असं.)

आता सगळे त्याला सांगतायत, बाबा रे, तूही ऑसम लिहायला शीक. मला हे अजिबात पटत नाही. सगळेच शंभरपैकी शंभर द्यायला लागले की निकाल लावणाऱ्याच्या हातात काय उरतं? चूक त्याच्या शब्दाची नाही, बाकीच्यांनी शब्दाचा भाव पाडलाय. मी त्याला एवढंच म्हटलं की विशेषण राहू दे, घडलं ते लिही. विचार करून म्हणाला, "तिचा कोड लाइव्ह गेल्यापासून मला रात्री एकदाही फोन आलेला नाही."

टेरिफिक नाही, फॅब्युलस तर नाहीच, ते दंतकथांसाठी. पण ज्याने पहाटे तीनला उठून सर्व्हर चालू केलाय, त्याला या वाक्याची किंमत विचारा.

पुढचं अप्रेझल मार्चमध्ये आहे. साहेब हे वाक्य कसं वाचतात बघू.